त्सुनामी : एका लांब लाटेची गोष्ट

२६ डिसेंबर २००४ हा दिवस रविवारचा होता आणि त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमाही होती. सकाळी नऊच्या सुमारास चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांच्या अंगावर एकाएकी समुद्र चालून आला. तिथून दक्षिणेला, नागपट्टिणमच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या वस्त्या त्याने धुऊन नेल्या. इंडोनेशिया, थायलंड, श्रीलंका, आपली अंदमान-निकोबार बेटे आणि पार आफ्रिकेचा पूर्व किनारा, इतक्या दूरवर त्या दिवशी पाण्याने माणसे मारली. मृतांची एकूण संख्या सव्वादोन लाखांच्या पुढे गेली. त्यांपैकी दहा हजारांहून अधिक भारतातली होती.

पौर्णिमेला समुद्राला उधाण येते, हे कोकणातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तेव्हा ती लाट म्हणजे उधाणाचेच पाणी, फक्त नेहमीपेक्षा मोठे, अशी कोणी समजूत करून घेतली तर नवल नाही. इंग्रजी पुस्तकांतून तर अशा लाटांना कित्येक वर्षे 'टायडल वेव्ह', म्हणजे भरतीची लाट, असेच म्हणत असत. हे नाव साफ चुकीचे आहे. भरती येते चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे. ती कधी येणार आणि किती चढणार हे गणिताने वर्षभर आधी सांगता येते. म्हणून तर पावसाळ्यात मुंबईला साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणत्या तारखांना आहे, याची यादी आधीच छापून येते. २००४ च्या लाटेची तारीख मात्र कोणत्याही पंचांगात नव्हती. पौर्णिमा हा केवळ योगायोग होता. ऐन भांगाच्या दिवशी, अष्टमीला, तो प्रसंग घडला असता तरी लाट तशीच उठली असती.

'भरतीची लाट' हे नाव शोभेल अशीही एक लाट आहे. कोलकात्याजवळ हुगळी नदीत मोठ्या उधाणाच्या वेळी भरतीचे पाणी नदीच्या प्रवाहाविरुद्ध पायरीसारखे वर चढत जाते. बंगाली नावाडी तिला 'बान' म्हणतात. पण आपला आजचा विषय ती नाही. आपल्याला जी लाट हवी आहे तिला जपानी लोकांनी 'त्सुनामी' असे नाव दिले आहे. 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. बंदरातली लाट हे नाव वाचताना जरा विचित्रच वाटते. ते का पडले असावे, हे लेखाच्या ओघात तुमच्या लक्षात येईलच.

आधी नेहमीच्या लाटांचा विचार करू. जुहूला किंवा गणपतीपुळ्याला तुम्ही ज्या लाटांत उड्या मारता, त्या वाऱ्यामुळे उठलेल्या असतात. लाटेच्या एका शीर्षापासून पुढच्या शीर्षापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. वाऱ्याच्या लाटांची तरंगलांबी काही मीटरपासून फार तर दोन-तीनशे मीटरपर्यंत असते आणि पाच ते पंधरा सेकंदांत एक लाट जाऊन दुसरी येते. अशा लाटेत पाणी पुढे वाहत जात नाही, ते जागच्या जागी गोल फिरते. तरंगणारा बुचाचा तुकडा लाटेबरोबर वरखाली होतो, पण जवळपास तिथेच राहतो. हे गोल फिरणे खाली जावे तसे झपाट्याने कमी होते. तरंगलांबीच्या निम्म्याइतक्या खोलीवर ते जवळजवळ थांबलेले असते. म्हणूनच वर वादळ घोंगावत असतानाही शंभर-दीडशे मीटर खाली गेलेल्या पाणबुडीला त्याची फारशी झळ लागत नाही. थोडक्यात, वारा समुद्राची फक्त साय हलवतो. खालचे दूध जसेच्या तसे असते.

त्सुनामीत तळापासून पृष्ठापर्यंतचे सगळे पाणी हलते, कारण तिला ढकलणारा हात वरून येत नाही. तो खालून येतो.

सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी एक लांबलचक गर्ता आहे. तिथे हिंदी महासागराचा तळ ज्यावर आहे तो भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. ही गती वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात तितकी आहे. दोन्ही पट्ट एकमेकांवर सुरळीत घसरले असते तर काही बिघडले नसते. पण ते घर्षणाने एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. खालचा पट्ट जाताजाता वरच्याची कडा आपल्याबरोबर खाली ओढत नेतो. वरचा पट्ट वाकतो. हे शेकडो वर्षे चालते. तुमच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेवर धरून तिचे टोक बोटाने खाली दाबा. ती वाकत जाते आणि बोट निसटले की टोक फटकन वर उसळते. २००४ साली त्या सकाळी, भारतीय वेळेप्रमाणे ६ वाजून २९ मिनिटांनी, नेमके हेच झाले. पकड सुटली. सुमात्राच्या वायव्य टोकापासून अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग आठ-दहा मिनिटांत उसवत गेली. भूकंपाची महत्ता ९.१ होती. समुद्राचा तळ गर्तेकडच्या बाजूला काही मीटर वर उचलला गेला आणि त्याच्या पूर्वेला, मागच्या बाजूला, खाली बसला.

आता तळावरच्या पाण्याचे काय झाले ते पाहू. बादलीच्या तळाशी मूठ उघडली तर पाणी बाजूला सरकते आणि वर काहीच दिसत नाही. पण इथे उचललेला तुकडा शंभर किलोमीटरहून अधिक रुंद होता. इतक्या रुंद पट्ट्यावरच्या पाण्याला काही मिनिटांत बाजूला पळायला सवडच नसते. त्यामुळे तळ जितका उचलला जातो, जवळजवळ तितकेच पाणी वरही उचलले जाते. तळाला आलेला फुगवटा समुद्राच्या पृष्ठावर जसाच्या तसा उमटतो. मग गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते, पाणी दोन्ही बाजूंना पसरू लागते आणि लाट निघते. लाटेची लांबी ठरते ती उचललेल्या तुकड्याच्या रुंदीवरून. ही लांबी तुम्ही नीट लक्षात ठेवा. त्सुनामीचे सगळे मर्म तिच्यात आहे, पण वर्तमानपत्रांतून आपण वाचतो ती नेहमी उंची.

तळ वरखाली होणे यात महत्त्वाचे आहे, नुसता मोठा भूकंप पुरत नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्याच पश्चिमेला ८.६ महत्तेचा प्रचंड भूकंप झाला. साऱ्या किनाऱ्यांवर धावपळ उडाली, पण त्सुनामी आली ती अगदी किरकोळ. त्या भूकंपात तळाचे तुकडे एकमेकांना घासून आडवे सरकले होते. पाण्याखालची सतरंजी आडवी ओढली, वर उचलली नाही, असे म्हणा हवे तर.

लाट निघाली. ती किती वेगाने जाईल? तरंगलांबी पाण्याच्या खोलीपेक्षा खूपच मोठी असेल तर लाटेचा वेग फक्त खोलीवर अवलंबून असतो. सूत्र सोपे आहे. गुरुत्वत्वरणाला खोलीने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. महासागराची खोली ४००० मीटर धरा. ९.८ गुणिले ४००० म्हणजे ३९,२००. त्याचे वर्गमूळ १९८. म्हणजे सेकंदाला १९८ मीटर, ताशी ७१३ किलोमीटर! जेट विमानाच्या जवळपास पोचणारा हा वेग आहे. एक लाट जाऊन दुसरी येण्यास वीस मिनिटे लागत असतील तर तरंगलांबी किती? १९८ गुणिले १२०० सेकंद, म्हणजे २३७ किलोमीटरांहून जास्त. मुंबईहून निघालात तर पुणे ओलांडून साताऱ्याच्या आसपास जाल, तरी अजून एकच लाट संपलेली असेल.

आणि या राक्षसी लाटेची खोल समुद्रातली उंची किती? २००४ च्या भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ हा समुद्राची पातळी मोजणारा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून जात होता. त्याने मोजलेली उंची होती जेमतेम ६० सेंटिमीटर. शेकडो किलोमीटरांत पसरलेला हातभर फुगवटा! बोटीवरच्या माणसाला तो कळणार कसा? दहा मिनिटांत बोट हातभर वर जाते, पुढच्या दहा मिनिटांत खाली येते. जपानी कोळी दिवसभर समुद्रात मासेमारी करून संध्याकाळी परतत आणि त्यांना आपले बंदर उद्ध्वस्त झालेले दिसे. समुद्रात तर काहीच झाले नव्हते. मग ही लाट बंदरातच जन्मली असली पाहिजे, असे त्यांना वाटले असल्यास त्यात चूक ती काय?

किनारा जवळ आला की खोली कमी होते आणि त्याबरोबर वेगही. १० मीटर खोलीवर तेच सूत्र लावा. ९८ चे वर्गमूळ सुमारे ९.९, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. लाटेचा पुढचा भाग असा मंदावलेला असतो, मागचा भाग अजून खोल पाण्यात असल्यामुळे जोरात येत असतो. अरुंद पुलाच्या तोंडाशी गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहाव्यात तशी लाट आखूड होत जाते. पण तिच्यातली ऊर्जा कुठे जाणार? ती लाटेला उंच करते. खोली चारशे पटींनी कमी झाली, म्हणजे ४००० मीटरची १० मीटर झाली, तर उंची चारशेच्या वर्गमुळाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साधारण साडेचार पट वाढते. निमुळत्या खाडीत किंवा उगमाच्या अगदी जवळ ती याहून पुष्कळच वाढू शकते. २००४ साली सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी काही ठिकाणी ३० मीटरपर्यंत चढले होते.

खोली आणि वेग यांचे नाते तुम्हाला घरीच तपासता येईल. साधारण ६० सेंटिमीटर लांबीचा सपाट बुडाचा ट्रे घ्या. त्यात ४ सेंटिमीटर पाणी ओता. ट्रेची एक बाजू किंचित उचलून हळूच खाली ठेवा. पाण्याचा एकच फुगवटा या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागेल. पाच फेऱ्यांना किती वेळ लागतो ते मोजा. मग पाणी १ सेंटिमीटर ठेवून पुन्हा मोजा. खोली चौथाई झाली म्हणजे वेग निम्मा व्हायला हवा, वेळ दुप्पट लागायला हवा. हिशेबाने पहिल्या वेळी पाच सेकंदांच्या आत-बाहेर आणि दुसऱ्या वेळी दहाच्या आसपास उत्तर येते. एकट्याने मोजण्यापेक्षा चौघांनी मोजून सरासरी काढा. वर्गात करण्याजोगा हा प्रयोग आहे.

आपल्या अरबी समुद्राचे काय, असे तुम्ही विचाराल. इथेही त्सुनामी आलेली आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, मोठा भूकंप झाला. पसनी हे तिथले बंदर उद्ध्वस्त झाले. लाट मुंबईला पोचली ती सकाळी सव्वाआठच्या सुमारास. तिची उंची सुमारे २ मीटर होती. बंदरातल्या बोटींचे दोर तुटले आणि काही माणसेही वाहून गेली. आता जरा हिशेब करून पाहा. मकरान ते मुंबई अंतर सुमारे १२०० किलोमीटर. जेटच्या वेगाने येणाऱ्या लाटेला एवढे अंतर कापायला पावणेपाच तास का लागावेत?

उत्तर मुंबईच्या समोरच पसरलेले आहे. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत समुद्रबूड जमीन आहे. बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, तरी तिथे पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. लाटेचा पहिला ९०० किलोमीटरांचा प्रवास ३००० मीटर खोल पाण्यातून धरा. वेग ताशी सुमारे ६१७ किलोमीटर, वेळ दीड तास. उरलेले ३०० किलोमीटर सरासरी ६० मीटर खोलीतून धरा. वेग ताशी ८७ किलोमीटर, वेळ जवळजवळ साडेतीन तास. बेरीज पाच तासांच्या थोडी आतच! आकडे ढोबळ आहेत, पण उत्तर किती जवळ आले पाहा. शिवाय उथळ तळावरून इतका वेळ घासत येताना लाटेची काही शक्तीही खर्ची पडते.

दोन मीटरच्या लाटेने माणसे कशी वाहून जातात, हा प्रश्न मात्र तुमच्या मनात घोळत असेल. दोन मीटरची लाट तर पावसाळ्यात रोजच फुटते. इथेच ती लांबी कामाला येते. वाऱ्याची दोन मीटरची लाट किनाऱ्यावर आपटते, पाच-सात सेकंदांत तिचा जीव संपतो आणि पाणी मागे फिरते. त्सुनामीची दोन मीटरची लाट आली म्हणजे समुद्राची पातळीच दोन मीटर वर आली. तिच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीचे पाणी उभे असते आणि ते पाच, दहा, कधी पंधरा मिनिटे आत येतच राहते. चित्रांत दाखवतात तशी वळलेली, फेसाळ कमान बहुधा नसते. नदीला पूर यावा तसे, पण समुद्राच्या बाजूने, पाणी चढत जाते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. गुडघ्याच्या वर पोचलेल्या अशा प्रवाहात धडधाकट माणसालाही पाय रोवता येत नाहीत. त्यातून त्या पाण्यात होड्या, ओंडके, पत्रे, मोटारी असतात. परतीचा ओढाही तितकाच वाईट. आणि लाट एकच नसते. पहिली ओसरल्यावर पाऊण-एक तासाने आलेली दुसरी किंवा तिसरी अधिक मोठी असल्याचे अनेकदा घडले आहे. पहिली लाट गेली म्हणून सामान पाहायला किनाऱ्यावर परतलेली माणसे अशी सापडतात.

त्सुनामी येण्यापूर्वी समुद्र आधी मागे हटतो, असे तुम्ही ऐकले असेल. हे अर्धे खरे आहे. २००४ साली तळ पश्चिमेकडे उचलला गेला आणि पूर्वेकडे खचला, हे वर सांगितलेच. त्यामुळे पूर्वेच्या थायलंडकडे लाटेची द्रोणी आधी गेली. तिथे समुद्र आटल्यासारखा झाला आणि उघड्या पडलेल्या वाळूवर लोक कुतूहलाने गेले. पश्चिमेकडे, श्रीलंका आणि भारताच्या बाजूला, शीर्ष आधी निघाले. त्या बाजूला पाणी आधी मागे जाण्याची वाट पाहणाऱ्याला ती सूचना मिळालीच नसती. समुद्र हटला तर पळावे हे खरे; हटला नाही म्हणून थांबावे, हे खरे नाही.

त्या दिवशी थायलंडमधील फुकेतच्या मायखाव किनाऱ्यावर इंग्लंडहून सुटीसाठी आलेली दहा वर्षांची एक मुलगी होती. समुद्राला विचित्र फेस आलेला आणि पाणी मागे न जाता वरच चढत चाललेले तिने पाहिले. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिक्षकांनी हेच शिकवले होते. तिने आईवडिलांच्या मागे लागून, ओरडून त्यांना पटवले. वडिलांनी हॉटेलच्या रखवालदाराला सांगितले आणि शंभरेक माणसे किनाऱ्यावरून हलली. त्या किनाऱ्यावर त्या दिवशी कोणी दगावले नाही.

तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. चेन्नईला भूकंपानंतर अडीच तास मिळाले होते, ते असेच गेले. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादला 'इन्कॉइस' या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र चालते. भूकंपाच्या लहरी खडकातून सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावतात. सुमात्राचा भूकंप हैदराबादला पाच-सहा मिनिटांत कळतो. पण तळ उचलला गेला की आडवा सरकला, लाट उठली की नाही, हे कसे ओळखायचे? त्यासाठी खोल समुद्राच्या तळावर दाबमापक ठेवलेले आहेत. वाऱ्याच्या लाटा तळापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून वर कितीही खवळले तरी यंत्र गप्प असते. लांब लाट मात्र तळापर्यंतचे पाणी हलवते. ती वरून गेली की पाण्याचा स्तंभ काही सेंटिमीटरांनी जरी वाढला तरी दाब वाढतो. यंत्र ते वर तरंगणाऱ्या बोयऱ्याला कळवते आणि बोयरा उपग्रहामार्फत हैदराबादला. सांगायची गंमत अशी की जी लांबी माणसाला मारते, तीच लाटेची चुगलीही करते.

प्रत्येक वेळी भूकंपच कारण असतो असे नाही. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातील अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखीचा एक कडा समुद्रात कोसळला. इशारा देण्याजोगा भूकंप झालाच नव्हता, त्यामुळे जावा-सुमात्राच्या किनाऱ्यांवर चारशेहून अधिक माणसे बेसावधपणे गाठली गेली. आणि लाट उगमाच्या शेजारीच आली तर यंत्रालाही वेळ पुरत नाही.

२००४ च्या भूकंपाच्या केंद्राला अगदी जवळचे सिमेउलुए नावाचे एक बेट आहे. तिथे पहिली लाट दहा मिनिटांच्या आसपास पोचली. उपग्रह, दाबमापक, भोंगा यांपैकी काहीही तिथे नव्हते. पण १९०७ साली त्या बेटावर अशीच लाट येऊन पुष्कळ माणसे मेली होती. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना गोष्टींतून आणि गाण्यांतून सांगत आले होते की, जमीन जोराने आणि खूप वेळ हादरली तर 'स्मोंग' येईल. कशाची वाट न पाहता डोंगरावर जा. 'स्मोंग' हा त्यांच्या बोलीतला त्सुनामीचा शब्द. त्या सकाळी जमीन हादरायची थांबताच किनाऱ्यावरची गावेच्या गावे 'स्मोंग, स्मोंग' असे ओरडत टेकड्यांवर चढली. खाली घरे वाहून गेली. बेटाच्या सुमारे ७८,००० लोकवस्तीपैकी मेली ती ७ माणसे.